धुतलेली किराळ

आई, माझं अक्षर तुला कधीच लागलं नाही. कॉलेजातून पाठवलेली माझी पत्रं उलटीसुलटी करून ‘कोंबडी चालली का कागदावरून’ असं विचारायचीस आणि मी सुट्टीत घरी आले की तीच पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायचीस. आज वर्गात पोरांना किराळ शिकवली. एकीनं विचारलं, मॅडम, तुम्ही किराळ लागलेलं जनावर पहिल्यांदा कुठे पाहिलं? मी फळ्याकडे वळले आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला. विषारी वनस्पती शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण ते उत्तर अजून कुणाला दिलं नाही. ते तुलाच द्यायचं राहिलंय.

बीबी गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात ‘जहर’ या शब्दाला बंदी होती. बोललेलं अन्नाला लागतं, असं तुझं म्हणणं. मी भाकरी मोडता मोडता धोत्र्याच्या बियांनी माणूस कसा बरळतो, कण्हेरीच्या पानांनी बैलाचं काळीज कसं बंद पडतं, हे रंगात येऊन सांगायला लागले की तू तवा आपटायचीस. ‘‘जेवतानी थे बोलू नोको.’’ तुझ्या तोंडी त्याचं नाव नुसतं ‘थे’. पोरगी काय शिकते असं बायकांनी विचारलं की ‘झाडपाल्याचं’ म्हणून मोकळी व्हायचीस. त्यावर विसंबून एकजण माझ्याकडे गुडघ्यावर बांधायला पाला मागायला आली होती, आठवतं? मला राग यायचा. तुझी काळजी वेगळी होती, हे मला उशिरा कळलं. पोरीचं लग्न व्हायचं होतं, आणि जहर ओळखणारी सून कोण आपल्या चुलीपाशी बसवणार?

मग ती दिवाळीनंतरची सुट्टी. कबरी गाय नुकती व्यालेली. ज्वारी कापून झाली होती, मध्येच एक अवेळी पाऊस पडून गेला होता आणि रानातल्या धसकटांना हिरवेगार फुटवे आले होते. असले कोवळे फुटवे खाऊन जनावर लोळतं, त्याला किराळ लागली म्हणतात, हे तुला काय नव्यानं सांगायचं? पण तुझा समज असा की किराळ म्हणजे पानावर बसलेली बारीक कीड. ओल्या बाळंतिणीला हिरवं हवं म्हणून तू ते फुटवे कापून आणलेस, हौदावर एकेक पेंढी उलगडून मेथीच्या भाजीसारखे धुतलेस, झटकलेस आणि गायीपुढे टाकलेस. किती निगुतीनं धुतलेस ते मी ओट्यावरून पाहिलं होतं. माझं लक्ष पुस्तकात, मला वाटलं चाऱ्यासाठी पेरलेलं कडवळ असेल.

गाय थरथरते आहे. तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा. बघता बघता ती आडवी होते आणि तू हळदीचं ताक घेऊन बांबूच्या नळीनं तिच्या घशात ओतायला धावतेस. मी तुझा हात धरते. ‘‘आई, ओतू नको, छातीत जाईल तिच्या!’’ सगळी गल्ली गोठ्यापाशी जमलेली, त्यांच्यादेखत तू माझ्यावर ओरडतेस, ‘‘दोन बुकं शिकली न् मायले शिकवते काय वं!’’ आणि लगेच तुझा आवाज फुटतो. ‘‘धुऊन घातलं वं मी. तीन पाण्यानं धुतलं.’’ मी म्हणते, ‘‘ते वर नसतं आई, पानाच्या आत असतं.’’ तू माझ्याकडे अशी पाहतेस की मला वाटतं, ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर नशिबानं गावातच होते. त्यांनी शिरेतून इंजेक्शन दिलं. पोटात उरलेल्या पाल्यासाठी हायपो द्यायला हवं, म्हणाले, पण दवाखान्यातलं संपलं होतं. हायपो म्हणजे फोटो धुताना वापरतात ते पांढरे खडे. मी चपला न घालता स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत पळाले. ‘‘गाय लोळली आमची, हायपो द्या,’’ म्हटल्यावर तो भला माणूस विचारतो, ‘‘मंग फोटो कायचा काढून राह्यली? गायीचा?’’ त्या अवस्थेतही मला हसू आलं. डॉक्टरांनी खडे पाहिले, पाण्यात विरघळवले, रबरी नळी घालून नीट पोटात सोडले आणि दुसऱ्या गावाहून बोलावणं होतं म्हणून ते निघून गेले.

मग आपण दोघीच. तू गायीचं डोकं मांडीवर घेतलं होतंस. ‘‘उठन न थे?’’ तू विचारलंस. ‘‘हो, उठते,’’ मी म्हणाले. तुझा चेहरा एकदम सैल झाला.

आणि उन्हं कलताना गाय खरंच उठली, लटपटत, वासराकडे तोंड करून. तू रडलीस, हसलीस आणि मग मला विचारलंस, ‘‘वासराले आज दूध पाजू का?’’ गोठ्यातलं काही तू आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतंस, बाबांनाही नाही.

त्याच महिन्यात जळगाव जामोदचे पाहुणे मला पाहायला आले. मुलाची आत्या म्हणाली, ‘‘काय शिकून राह्यली पोरगी?’’ बाबा ‘झाडपाल्याचं’ म्हणणार, तेवढ्यात तू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आलीस. ‘‘जहराचं शिकते,’’ तू म्हणालीस. ‘‘कोणत्या पानानं ढोर मरते, कोणत्या बीनं माणूस मरते, सारं माहीत आहे तिले. आमची गाय उठवली तिनं.’’ आत्याबाईंचा चमचा बशीतच थांबला. कळवतो म्हणून ते गेले आणि त्यांनी कळवलं नाही. बाबा धुमसत होते. तू बशा गोळा करत म्हणालीस, ‘‘पोहेबी टाकून देल्ले लोकाइनं. शिक वं तू.’’ त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं शिक्षण झालं.

त्यानंतर मी कितीतरी जनावरं पाहिली. काही उठली, काही नाही. मालकानं विचारलं की मी सांगता येत नाही असंच सांगते आणि पोरांनाही तेच शिकवते. तू गेलीस; आता हे पत्र टाकायला पेटी कुठली, म्हणून लिहायचं धाडस करते आहे. त्या दिवशी गोठ्यात मला काही माहीत नव्हतं, आई. किराळीवर मी पुस्तकातलं एक पान वाचलं होतं, आणि गायीचे डोळे पाहून ती जाते आहे असंच मला वाटलं होतं. हो म्हणाले ते तुझ्याकडे पाहून. म्हणून पाहुण्यांसमोर तू ‘सारं माहीत आहे तिले’ म्हणालीस तेव्हा मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली.