अर्धा मैल दक्षिणेला

पालघर,
१४ नोव्हेंबर

दामूदादास धाकट्या पूर्वीचा नमस्कार.

मंगलावहिनीने पाठवलेला सुका बोंबील पोचला. डबा उघडला तशी शेजारीण दार लावून बसली, पण मी दोन दिवस त्याचीच चटणी खातेय. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की नुसताच वहिनीवर खेकसतोस? माझी तब्येत बरी आहे. नगररचनेच्या ऑफिसात काम फार.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि तू बोललास की मी घाबरून काहीतरी थाप मारते. लहानपणापासूनची खोड आहे माझी, तुला माहीतच आहे.

आमच्या साहेबांपुढे झालेली विकास आराखड्याची सुनावणी आठवते? किल्ल्याचा बुरूज झाकला जाऊ नये म्हणून काही पट्ट्यांत तीन मजल्यांपेक्षा उंच बांधायचं नाही, असा नियम येणार होता. पण बुरूज रस्त्यावरून आणि पुलावरून दिसावा, एवढाच विचार त्यात होता. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "साहेब, आमी बुरूज रस्त्यावरून नाय बगत. दर्यावरून बगतो." साहेब म्हणाले, आता सगळ्यांकडे जीपीएस असेल की. तर तू म्हणालास, "यंत्र बंद पडते साहेब. बुरूज बंद पडत नाय." सगळा हॉल हसला, साहेबसुद्धा. मी मागे फायली धरून उभी होते. काय अभिमान वाटला होता रे मला तुझा!

साहेबांनी तुमचं मान्य केलं. म्हणाले, बोटी जिथून घराकडे वळतात ती एक जागा नकाशावर द्या, तिथून बुरुजापर्यंतचा पट्टा मोकळा ठेवू. तुझ्या बोटीवरच्या कमलेशने दारोदार फिरून आपल्या अख्ख्या घिवली गावाच्या सह्या आणल्या. अर्ज त्याच्या नावाने गेला. जागेचे आकडे तेवढे माझ्यावर सोडले. "आपली पोर हापिसात हाय, ती बरोबर टाकेल," असं म्हणाला होता.

वहिनीला सांग, डबा मी पुढच्या आठवड्यात पाठवते. घासून ठेवलाय.

बघ, परत डब्यावर आले.

दादा, बोटी वळतात तिथंच पाण्याखाली आपला खडक आहे. बाबांचा. दरवर्षी आपल्या जाळ्यात महागडा घोळ मासा देतो तो. गावातल्या सगळ्या बोटी त्याच्यावरून जातात आणि कुणाला पत्ता नाही. बाबांनी आपल्या दोघांनाच खूण दाखवली, बोटीवरून बुरूज मागच्या डोंगराच्या खाचेत बसलेला दिसला की तीच जागा. आणि बजावून ठेवलं होतं, "कोनी इचारला तर अर्धा मैल दक्षिणेला सांगायचा." तू आजवर लोकांना तेच सांगत आलास. मीही तेच सांगितलं. फक्त मी ते सरकारी नकाशावर सांगितलं.

माझं डोकं कुठं गेलं होतं कोण जाणे. खरा ठिपका दिला तर तो छापून येईल, कुणीतरी मोबाइलवर आकडे टाकून तिथं जाळं सोडेल, एवढंच तेव्हा दिसत होतं. ठिपका दक्षिणेला गेला तसा मोकळा पट्टाही सरकला, आणि बुरुजापुढे आता जी सात मजली इमारत उठतेय, तिची जमीन बरोबर पट्ट्याच्या बाहेर पडली. परवानगी अगदी कायदेशीर मिळाली. आता नियमाने जो बुरूज जपलाय, तो जिथून दिसतो तिथून घिवलीची एकही बोट येत नाही.

आणि गाव म्हणतंय, कमलेशने बिल्डरकडून पैसे खाल्ले. पंधरा वर्षं तुझ्याबरोबर दर्यावर गेलेल्या माणसाला तू बोटीवरून उतरवलंस.

तो दिवाळीआधी माझ्या ऑफिसात आला होता. हे मी तुला सांगितलं नाही. तासभर बाकावर बसून होता. मग हळूच म्हणाला, "पूर्वी, कागदात माजीच काय चूक झाली काय गो? मला नीट वाचता येत नाय, म्हनून इचारतो." मी त्याला चहा दिला. म्हटलं, "तुझी कसली चूक, वरूनच काहीतरी फिरलं असेल." त्याने माझे आभार मानले, दादा. मला हात जोडले त्याने. त्या दिवसापासून घशाखाली घास उतरत नाही. चटणीचं मघाशी लिहिलं ते खोटं आहे.

काल मी साहेबांना सगळं लिहून दिलं. चूक माझी, जाणूनबुजून केलेली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, नोकरीचं काय होईल ते सांगता येत नाही. पण आराखड्याला शेवटची मंजुरी अजून बाकी आहे. इमारत चौथ्या मजल्यावर आहे, आणि बुरुजाचा माथा अजून वर दिसतोय. पट्टा आत्ता दुरुस्त झाला तर वरचे तीन मजले थांबतील, असं साहेब म्हणतात. खात्री नाही, पण थांबतील.

त्यासाठी खरी जागा द्यावी लागली. मी दिली. तुला न विचारता. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मी तुझं ऐकलं असतं.

नवा नकाशा सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. त्यावर आपला खडक आहे, आकड्यांसकट. बाबांनी तुझ्या पोरांसाठी ठेवलेलं मी अख्ख्या गावासमोर मांडलं. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

पण सोमवारच्या आत कमलेशच्या घरी जा. हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव, चहाचा भागसुद्धा, काही गाळू नकोस. आणि त्याला बोटीवर परत घे. मला घरात घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरव.

'तुझी' असं लिहायला आज हात धजत नाही.

नुसतीच,
पूर्वी