चौदा घरं, छप्पन्न पाहुणे

कोडिबैल, १३ ऑगस्ट १९८७

ती. मोनप्पाअण्णास,
शि. सा. न. वि. वि.

अम्माचे गुडघे ठीक आहेत, जीभ त्याहून ठीक. तुझ्या हायस्कुलात पाढे न येणाऱ्यांचे कान तू अजून पिळतोस का? माझ्या दुसरीतली वेदावती पाढ्याला उभी केली की पहिल्याच ओळीला अडते. पण आटी महिन्यातल्या पावसात मी अम्माचा चेन्नेमणे खेळायचा पाट वर्गात नेला. म्हटलं, या पाटावर चौदा घरं, प्रत्येक घरात चार बिया म्हणजे चार पाहुणे. एका घरातले उठवा, पुढच्या घरांत एकेक वाढा. तर ही पोर बोट न लावता सांगते, शेवटचा पाहुणा कुठल्या दारात थांबणार!

हेडमास्तर म्हणतात, खेळ पुरे. चोवीसला साहेब तपासणीला येतायत. त्यांच्यापुढे अडली तर परत पहिलीत. आणि आटी महिना संपला की अम्मा पाट माळ्यावर टाकणार. एरवी काढला तर घराला बाधतो, म्हणते. काय करू?

लोभ आहेच, तो कान न पिळता वाढवावा.
जलजा

मंगळूर, १८ ऑगस्ट

चि. जलजास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी हसली, मी नाही. गणित म्हणजे पंगत वाढणं नव्हे. माझी मुलं झोपेतही पाढे म्हणतात. मात्र परवा सहलीला बसची बाकं किती लागतील विचारलं, तर अख्खी नववी छताकडे बघत बसली. हे कुणाला सांगू नकोस.

अम्मापुढे तुझं चालायचं नाही. भाऊबहीण चेन्नेमणे खेळले तर हाडवैर होतं म्हणून तिनं आपल्याला कधी समोरासमोर बसू दिलं नाही. आपण पाटाशिवायच भांडलो. तू मुकाट्यानं चारचा पाढा घोकून घे. आणि जाता जाता विचारतो, ती पोर डाव कुठल्या घरापासून सुरू करते?

रागावलीस तरी पत्र धाड.
मोनप्पा

कोडिबैल, २४ ऑगस्ट

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

घोकलं नाही. पाटाची अडचण पोरांपुढेच टाकली. वेदावती म्हणाली, टीचर, पाट माळ्यावर गेला, जमीन कुठे गेलीय? आणि शाळेच्या पडवीच्या मातीत करवंटीनं चौदा खड्डे खणून बिया मांडल्या. अम्मानं हे ऐकून पान चघळत विचार केला नि निकाल दिला, की पाटच नाही तर बाधेल काय!

आज साहेब आले. पहिल्याच खड्ड्यात पाय मुरगळता मुरगळता वाचला. त्यांनी चौदा चोक विचारलं, वेदावतीची मान खाली. मी म्हटलं, साहेब, पाहुणे किती ते विचारा. विचारलं. तिनं खड्ड्यांवरून नजर फिरवली नि म्हणाली, पंचावन्न. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, चुकलीस बाळ, छप्पन्न. ती म्हणाली, हवेत छप्पन्न, पण एक पाहुणा माझ्या शेजारच्या शेषप्पाच्या नाकात गेलाय.

साहेबांनी उकिडवं बसून मोजलं. एका खड्ड्यात तीनच! मग शेषप्पाचं नाक तपासलं आणि खिशातून तपकिरीची डबी काढली. एका शिंकेसरशी छप्पन्नावा पाहुणा साहेबांच्या सदऱ्यावर उतरला.

वेदावती दुसरीतच राहिली. साहेबही तासभर दुसरीतच राहिले. दोन डाव हरून गेले.

ती तिसऱ्या घरापासून सुरू करते. का, ते गणेश चवतीला येशील तेव्हा तिलाच विचार. मी तुझ्याशी खेळणार नाही, वैर नको. तुझं आसन तिच्यासमोर मांडलंय. हरलास तर कान कुणी पिळायचा, हेही पोरांनी ठरवलंय.

लोभ असावा, आणि येताना कानटोपीही असावी.
जलजा