अकरा घरांचं मत

१७ एप्रिल १९८३, रविवार
मिस्सा सुटली तर आप्पासाहेब चर्चच्या दारात उभे! ग्रामपंचायतीला उभे राहिलेत. म्हणाले, "तुमची अकरा घरं माझ्याकडं द्या, गल्लीत बोअर पाडून देतो. लातूर आता आपला जिल्हा हाय, मशीन लगेच येतं." दोन मैलांवरून पाणी आणतो आम्ही. माझी मान आपोआप हलली.

२० एप्रिल
फादरना विचारलं, मत कुणाला द्यायचं? म्हणाले, नाव मी सांगणार नाही. सदसद्विवेकबुद्धीला विचारा — आणि त्या मतानं गावाचं काय होईल, तेही बघा. फटफटीवर बसून उदगीरला गेले. आम्ही तिथंच.

२४ एप्रिल, रविवार
फादर नसले की प्रार्थना गुणाबाई मावशी चालवतात. साठी उलटलेली, अक्षरओळख नाही. आज प्रार्थनेनंतर म्हणाल्या, "आप्पासाहेबाच्या माणसांनी नागुबाईला विहिरीवरून हाकललं. बौद्धाची म्हणून. आपण बघितलं का न्हाई?"

मग माझे दीर बोलले — "आप्पासाहेबाच्या समोर उभा राहिलेला माणिकप्पा मास्तर सज्जन हाय, मावशी. पण निवडून येतोय व्हय? मतबी वाया, पाणीबी जाईल."

मावशी रागावल्या नाहीत. "तुझंबी खरं हाय. लेकराला पाणी पाजणंबी देवाचंच काम. मी कुणाला आडवत न्हाई. मला मात्र त्या माणसाच्या हातात गावचं पाणी देववत न्हाई."

असं बोलता यायला हवं. दुसऱ्याला कमी न लेखता.

२८ एप्रिल
आप्पासाहेबाच्या गड्यानं मावशींना वाटेत दम दिला — "म्हातारे, गल्लीचा बोअर घालवशील." मावशी म्हणाल्या, "जाऊ दे. तुझी माय आजारी हाय म्हणं, कशी हाय आता?" गडी खाली बघून निघून गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

१ मे, रविवार
मतदान. मावशी सगळ्यांच्या पुढं, अनवाणी.

२ मे
माणिकप्पा मास्तर पाच मतांनी पडले. आमच्या गल्लीची मतं फुटली, असं गावात बोलतात. मावशी मास्तरांना भेटून आल्या. कुणी कुणाला दिलं, एका शब्दानं विचारलं नाही.

९ मे
बोअरला पाणी लागलं. गोड आहे.

१० मे
मावशींना सांगून टाकलं — माझं मत आप्पासाहेबांना गेलं. "ठाव हाय," म्हणाल्या. "ह्या पाण्यावरून नागुबाईला कुणी हाकललं, तर आता तू म्होरं व्हायचं." मी 'व्हय' म्हणाले.