पहिला घोट

रवि., ११ जाने. १९५९
मसुरे. सकाळपासून पडवीत माणसं. आमच्या घरचं काविळीचं औषध, फुकट, फक्त रविवारी. बाबा पहाटे मुक्यानं डोंगरात जाऊन पाला आणतात. झाडाचं नाव बाहेर सांगितलं की गुण जातो म्हणे. मुलींना तर मुळीच नाही, मुली परक्या घरच्या. मी बी.एस्सी. होऊन हायस्कुलात शास्त्र शिकवते आणि स्वतःच्या चुलीवर काय उकळतंय ते मला ठाऊक नाही.
रोग्यादेखत पहिला घोट बाबांचा. एवढीच आमची परीक्षा. देणारा मेला नाही, म्हणजे औषध चांगलं. रोगी उठला तर औषधानं, गेला तर उशिरा आणला म्हणून.
आज घोट घेतल्यावर बाबा मागीलदारी जाऊन ओकले. मी पाहिलं. म्हणाले, पित्त.

बुध., २१ जाने.
रविवारी उरलेला काढा चोरला. शाळेत सशांचे दोन पिंजरे. एकाला वजनाच्या मानानं काढा, दुसऱ्याला नुसतं पाणी. हेडमास्तर खूश, "मुलांना दाखवायला छान!" छानच.

सोम., २ फेब्रु.
काढ्याच्या पिंजऱ्यातला नर मेला. तिथल्याच गाभण मादीनं मेलेली पिल्लं टाकली. नराला कापून पाहिलं, यकृत ठिसूळ, डागाळलेलं. पाण्यावरचे सगळे ठणठणीत. ससे थोडे आहेत, एवढ्यावर ठाम बोलता येणार नाही, कळतं मला. पण...
मुंबईच्या माझ्या कॉलेजातल्या सरांना मागेच विचारलं होतं. झाड कोणतं ते कळल्याशिवाय, पाला हाती आल्याशिवाय ते काही तपासू शकत नाहीत. बरोबर आहे त्यांचं.
बाबांना सगळं सांगितलं. "चोरलेला औषध विषच होतला. आणि ससो काय माणूस? इतकी वर्सां मी घेतंय, माका काय झाला?"
बोलताना त्यांचे डोळे पिवळे दिसले. काविळीचं औषध देणाऱ्याचे. ते मात्र कुणाला दिसत नाहीत.

रवि., १५ फेब्रु.
बाबांच्या पोटात घोट ठरेनासा झाला. औषध बंद करावं हे मनातही नाही. पुढच्या रविवारपासून पहिला घोट वहिनीचा! दादा मुंबईला नोकरीत, तो नाही तर त्याची बायको. मान घरातच राहिला पाहिजे.
वहिनीला दिवस गेलेत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर.
स्वयंपाकघरात गाठून तिला गाभण मादीचं सांगितलं. ती नारळ खवत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्सां माका ह्या घरात कोण इचारी? आता मामंजी आपल्या हातान वाटी देतत. नको म्हणू कशी, वन्सं?"
"पोराचं काय?"
"देवीचा आसा सगळा."
राग आला. बाबांचा. तिचाही. दादाला कळवलंय, तो 'बाबा म्हणतील तसं' म्हणणार. जन्मभर तेच म्हणत आलाय.

रवि., २२ फेब्रु.
आजचं आजच लिहून ठेवते.
भराडी देवीच्या जत्रेला आलेले मुंबईकर अजून गावातच, पडवी भरलेली. वहिनी नवं लुगडं नेसून पुढे बसली. बाबांनी वाटी दिली. तिनं ओठांना लावली आणि मी ती ओढून घेऊन प्यायले. सगळी. तिच्या पोटात जाऊ नये, एवढंच डोक्यात.
वाटलं होतं, बोभाटा होईल, माणसं घाबरून उठतील. एकही उठलं नाही. मागून कुणी म्हणालं, "मास्तरीणबायन घेतल्यान! शिकलेली ती. आता भिया कसली?" एक आई मघापासून का-कू करत होती. तिनं पोराचं नाक दाबलं आणि औषध ओतलं.
मी ओरडून सांगायला हवं होतं. तोंडात अजून तो कडूपणा होता, मी चुळा भरायला मागीलदारी गेले. मेलेल्या सशांना कुणी विचारलं नाही, माझ्या एका घोटाला सगळ्यांनी मान दिला. आजच्याएवढी गर्दी कधी झाली नव्हती म्हणे.

मंगळ., २४ फेब्रु.
शाळेत खुर्चीत बसूनच शिकवलं. मळमळ. अन्न नको.
संध्याकाळी बाबांनी हाक मारली. इतक्या वर्षांत एवढ्या मायेनं मारलेली आठवत नाही. "शांते, तुझा लगीन झाला नाय ता बरा झाला. घरातलीच रवलंस."
उठून आले.

शनि., २८ फेब्रु.
बाबा उद्या पहाटे मला डोंगरात नेणार. झाड दाखवणार! आधी देवापुढे शपथ, नाव कुणाला सांगायचं नाही. आणि यापुढे दर रविवारी घोट माझा.
ज्या पाल्यासाठी तडफडत होते तो उद्या हातात. सरांकडे धाडला तर शपथ मोडली. धाडला नाही तर मीही त्यांच्यातलीच. आणि सरांकडून निकाल येईपर्यंतच्या रविवारांचं काय? कुणीतरी पिणारच. गेलेच नाही, तर उद्याच वहिनी.
पडवीत तीन घरची माणसं मुक्कामाला आलीत. त्यात मागच्या रविवारची ती का-कू करणारी आई. पोर पुन्हा पिवळं पडलंय, तरी आणलंय. म्हणते, तुमच्याकडे बघून आले.
आत्ता वहिनी येऊन गेली. वाटी चिंचेनं घासून लख्ख केलेली. माझ्या उशाशी ठेवली, पुन्हा उचलली. दारात थांबून म्हणाली, "वन्सं, उद्या घोट तुमी घेतल्यात, की मी घेऊ?"