रोज संध्याकाळी ‘बसलोय’

शनिवार, १२ फेब्रुवारी
जेवणाची सुट्टी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तुझ्या दाजींची कंबर पुन्हा धरली होती, आता हिंडतेफिरते आहेत आणि नको म्हटलं तरी उद्या तुमच्याकडे येणारच आहेत. त्यांच्याच हाती हे पत्र देतेय. पाकीट चिकटवलंय, त्यांनी वाचलेलं नाही. त्यांना टीव्हीपुढे बसव आणि तू आतल्या खोलीत जाऊन वाच.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू रडतेस आणि मी लगेच मोठी बहीण होते. मग खरं बोलणं राहूनच जातं.

लॅबमध्ये तेच चाललंय. समोर अकरा जबड्यांचे साचे वाळताहेत. साहेबांना नवी खुर्ची आली, म्हणून त्यांची जुनी माझ्याकडे आली. बावीस वर्षांत एवढी बढती! माझ्या नव्या दाताचं तू व्हिडिओवर कौतुक केलंस. बसलाय खरा छान. जगाच्या कवळ्या केल्या आणि स्वतःच्या तोंडात पुढेच खिडकी, असं इतकी वर्षं चाललं होतं. तो दात कुठून आला ते सांगते, जरा दम धर.

आधी तुझं. तुझं कपड्यांच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन सोमवारी सकाळी गिऱ्हाईक नेणार, आणि त्या पैशांत तू त्या सायकल कंपनीचे आणखी शेअर घेणार, असं काल म्हणालीस. चिमे, ते मशीन देऊ नकोस. का, ते सांगायचं तर मला माझ्या मनातली घाण उपसावी लागेल.

तू चाळीसच्या भावाने ते शेअर घेतलेस तेव्हा मी पोट धरून हसले होते. तू बिचारी मला समजावत होतीस. मोठे फंडवाले म्हणताहेत की ही कंपनी बुडणार. म्हणून ते दुसऱ्यांचे शेअर उसने घेऊन विकतात. भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे, मधला फरक खिशात. पण आपण छोट्या माणसांनी शेअर घेतले आणि विकलेच नाहीत, तर ते परत करायला आणणार कुठून? मग आपण मागू तो भाव द्यावा लागतो. त्यांची कोंडी, आपली चांदी! मी म्हटलं, “शहाणे, शिवणकाम कर.”

आणि भाव चढायला लागला की गं! तुमच्या ग्रुपमध्ये शेकडो माणसं, रोज संध्याकाळी प्रत्येकाने एकच शब्द लिहायचा, ‘बसलोय’. म्हणजे मी विकले नाहीत. आई प्रत्येक फोनवर “आमची चिमी, आमची चिमी”. तू शिवणाच्या दुकानासाठी हेरलेल्या चौकातल्या त्या गाळ्याचा, त्याच्या काचेच्या दाराचा फोटो पाठवलास. मी ‘छान’ लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. जळले गं मी. सरळ सांगते, जळले. लहानपणी ह्याच कंपनीच्या सायकलवर पायडल मी मारायचे, पुढे दांड्यावर बसून घंटी तू वाजवायचीस, आणि लोक म्हणायचे, बघा बघा, चिमी सायकलवरून चालली.

मग मीही घेतले. तुला न सांगता, एकशे ऐंशीला. वरातीमागून घोडं. तुमच्या ग्रुपमध्येही शिरले, खोट्या नावाने. पुरुष असल्यासारखं लिहायचे, दोनच ओळी, आवाज न चढवता. आठवड्याभरात लोक मान द्यायला लागले, आणि सगळ्यात आधी तू.

होय चिमे. तुझे ते अक्कलदाढ दादा म्हणजे मी. दातांच्या लॅबमधल्या बाईला दुसरं काय नाव सुचणार? तुझ्या लक्षात कसं आलं नाही, ह्याचंच मला नवल वाटतं.

मी जन्मभर सांगितलेल्या गोष्टींना तू “बघू” म्हणालीस. अक्कलदाढेने नुसतं हूं केलं तरी “दादा, तुमचं पटलं.” मला माझ्याच खोट्या नावाचा हेवा वाटायला लागला. हसू नकोस. किंवा हस, तुझा हक्क आहे.

आता गेल्या महिन्यातला तो गुरुवार. भाव चारशेला टेकला होता. तू मला फोन केलास, “ताई, विकून टाकू का? गाळेवाला उद्यापर्यंतच थांबतोय.” मी म्हटलं, “मला काय कळतं त्यातलं? तुझं तू बघ.” मग तू ग्रुपमध्ये विचारलंस. आणि अक्कलदाढेने लिहिलं, “आज विकणारा सगळ्यांचा गळा कापतो. हजार बघितल्याशिवाय उठायचं नाही. मी बसलोय.” खाली तू लिहिलंस, “मग मीही बसलेय, दादा.”

ते लिहायच्या वीस मिनिटं आधी मी माझे सगळे विकले होते. दात त्यातूनच आला.

तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, अशी महिनाभर मी स्वतःची समजूत घातली. साफ खोटं. तू स्वतःच्या गाळ्यात बसावंस आणि मी साहेबांच्या उतरलेल्या खुर्चीत, हे मला बघवत नव्हतं. एवढंच कारण. दुसऱ्याच दिवशी भाव कोसळला. गाळ्यात आता चष्म्याचं दुकान आलंय म्हणे. आणि तू मला काय म्हणालीस आठवतं? “ताई, निदान तू तरी उगाच सल्ला दिला नाहीस.” तेव्हापासून त्या दाताने घास तोडवत नाही.

परवा तू ग्रुपमध्ये विचारलंस, “दादा, मशीन विकून आणखी घेऊ का?” अक्कलदाढ गप्प राहिली. आणि काल तू फोनवर म्हणालीस, “दादा नाही म्हणाले नाहीत, म्हणजे होच.” माझ्या हातातला साचा खाली पडून फुटला.

चिमे, ज्या फंडवाल्यांना अडून शेअर घ्यावे लागत होते, त्यांनी घेऊन परत केले. कोंडी सुटली. आता कुणी अडलेलं नाही, नुसती तुमच्यासारखी माणसं एकमेकांना ‘बसलोय’ सांगत बसलीत. भाव अजून सत्तर आहे. सोमवारी बाजार उघडला की सगळे विकून टाक. तुझी मुद्दल सुटते, वर थोडं राहतं. माझे उरलेले पैसे दिले तर तू ते तोंडावर फेकशील. फेक, पण त्याआधी मशीन वाचव. आईला सांगायचं तर सांग. मी नाकारणार नाही.

ताईचं तू कधी ऐकलं नाहीस, आणि आता ऐक म्हणायला तोंडही उरलं नाही. पण दादांचं ऐकतेस ना? मग त्यांचं हे शेवटचं ऐक. शेअर विकून टाक, मशीन ठेव. आज संध्याकाळी ग्रुपमध्येही लिहिणार आहे, ‘बसलो नव्हतो’.

‘तुझी ताई’ लिहायला आज हात धजत नाही.

तुझा,
अक्कलदाढ