सिस्टर आधी कोणाकडे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, एका छापखान्यात एकतीस वर्षे मुद्रितशोधनाची नोकरी करून निवृत्त झालेली, पती हयात नसलेली व मूलबाळ नसलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब आणि मधुमेह जुने आहेत, गुडघे कामातून गेले आहेत, पण यांतले काहीही डोक्यापर्यंत पोचलेले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मत्सर आहे. तो दबावात मोडतो का, हे वकिलांनी सांगितलेले नाही.

१. घर. सासऱ्यांनी हे घर दोन्ही मुलांच्या नावे केले होते. निम्मा हिस्सा पतीमागे माझ्याकडे आला, निम्मा थोरल्या जाऊबाईंचा. त्यांचेही यजमान गेले. खोल्या दोन, मधली भिंत एक, स्वयंपाकघर एक. जावा जावा उभा दावा म्हणतात, तो आम्ही बावन्न वर्षे नेटाने चालवला. माझा हिस्सा मी पुतण्याला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलाला देते. मात्र कलम चार पाळले तरच. लहानपणी तो शाळेतून आला की आधी माझ्याकडे यायचा, कारण मी छापखान्यातून कोरे कागद आणत असे. जाऊबाईंना ते खुपायचे. खुपावे म्हणूनच आणत होते.

२. दागिने. सासूबाईंच्या चार बांगड्या जाऊबाईंना मिळाल्या. मला कानातल्यांचा जोड मिळाला, त्यातला एक वाकडा. तो जोड पुतणसुनेला द्यावा. तिने तो सरळ करून घ्यावा. मी मुद्दाम केला नाही. सासूबाईंना रोज दिसावा, एवढीच इच्छा होती.

३. माझे भिंग व शब्दकोश छापखान्यात माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावेत. ती माझ्यापेक्षा कमी चुका सोडते, असे मालक माझ्या निरोप समारंभात सर्वांसमोर म्हणाले होते. भिंग हाती आल्यावर तिला त्या दिसू लागतील.

४. ठेवी. बँकेतल्या माझ्या सर्व ठेवींच्या व्याजातून, जाऊबाई आहेत तोवर, सिस्टरचे येणे चालू ठेवावे. हे कलम माझ्या हातून का लिहिले जात आहे, ते सांगणे भाग आहे.

सिस्टर दर सोमवारी व गुरुवारी सकाळी येते. पुतण्याने ती आम्हा दोघींसाठी लावून दिली. पहिल्या दिवसापासून ती आधी जाऊबाईंच्या खोलीत जाई. त्यांचे हृदय अशक्त आहे. पाय सुजतात, चार पावलांत धाप लागते. तिथे पाऊण तास, माझ्याकडे पंधरा मिनिटे. भिंतीपलीकडून बोलणे ऐकू येई, मग हसणे. माझ्याकडे आली की रक्तदाब, बोटाला टोचणे, तळपायांना जखम नाही ना ते पाहणे, आणि "छान आहात काकू, निघते." छान आहात, याच्याइतका अपमान मला आयुष्यात कोणी केला नव्हता.

एकदा विचारलेच. "सिस्टर, आधी त्यांच्याकडे जायचं हे कोणी ठरवलं? त्या थोरल्या म्हणून?"

"इथे मानपान नाही काकू," ती रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत म्हणाली. "ज्यांना आज धोका जास्त, त्या आधी. मोठ्या काकूंचं वजन तीन दिवसांत दोन किलो वाढलंय. ते अंगात साठलेलं पाणी आहे. आज नाही पकडलं तर उद्या त्यांना श्वास घेता येणार नाही. तुमचं सगळं ताब्यात आहे."

मी त्यातले एवढेच घेतले की इथे मान धोक्याला आहे. मग मी धोका तयार केला. सिस्टर यायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायची नाही. बाकीच्या दिवशी घ्यायची. पहिल्याच सोमवारी आकडा चढला. तिने दोनदा मोजले, माझा हात हातात घेऊन बसली. भिंतीपलीकडे सामसूम होती. ती मला फार गोड लागली. पुढचे तीन आठवडे तिने आधी माझे दार उघडले.

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

"एकही चुकत नाही," मी म्हणाले. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

ती वाढवलेली गोळी मी उरलेल्या दिवशी इमानदारीने घेत होते. एका शनिवारी तिने रक्तदाब फारच उतरला, न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली पडले. उठता येईना.

जाऊबाई आल्या. त्यांना स्वयंपाकघरापर्यंत यायला दोनदा थांबावे लागते. त्या वॉकर ढकलत आल्या, ओल्या फरशीवर बसल्या, माझ्या डोक्याखाली स्वतःची शाल सारली आणि सिस्टरला फोन केला. सिस्टर आली तेव्हा मी आडवी होते आणि त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर.

"तिला आधी बघ," त्या एका एका शब्दाला थांबत म्हणाल्या.

सिस्टरने माझी नाडी धरली. "काकू, ऐकू येतंय?" मी हो म्हणाले. त्याबरोबर ती मला ओलांडून त्यांच्याकडे गेली.

फरशीवर पडल्या पडल्याही माझा जळफळाट झाला. लिहायला लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

जाऊबाई पाच दिवस इस्पितळात होत्या. सोमवारी सिस्टरने माझ्या गोळ्यांची पाकिटे काढून मोजली. बारा गोळ्या जास्त निघाल्या. ती रागावली नाही. म्हणाली, "काकू, तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय? आजाराचं नाही विचारत."

हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. "कोणीतरी माझ्याकडे आधी यावं," मी म्हणाले.

तिने ते वहीत, रक्तदाबाच्या आकड्याखाली लिहिले. "आधी येईन असं वचन नाही देत. पण तुमच्याकडून घाईने उठणार नाही."

जाऊबाई परत आल्यावर मी त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या,

"मला सांगायचंस. मी तुझा नंबर लावला असता."

"तो कसा?"

"ती आली की झोपेचं सोंग घेतलं असतं."

तेव्हा पुतण्याने लक्षात ठेवावे: आईचे वजन रोज सकाळी लिहावे. तीन दिवसांत दोन किलो चढले तर सोमवारची वाट न पाहता सिस्टरला बोलवावे. गोळ्या दुसऱ्याने मोजाव्यात, रुग्णाच्या शब्दावर जाऊ नये. शिकलेल्या रुग्णाच्या तर मुळीच नाही. आणि आईला काय हवे, ते आईलाच विचारावे.

५. सिस्टरला मी काही देत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने काही घ्यायचे नसते, असे वकील म्हणाले. जाऊबाईंनी तिला एक बांगडी द्यायचे ठरवले आहे, असे कानावर आले. द्यावी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणून माझी ही जळण्याची खोड इतक्यात तरी जाणार नाही.

येथे थांबते. डॉक्टर समोर बसले आहेत. सिस्टर पलीकडच्या खोलीत आहे आणि आत्ताच दोघी कशाला तरी मोठ्याने हसल्या. काय ते मला ऐकायचे आहे. म्हणून आम्ही तिघे सही तिकडेच, जाऊबाईंच्या पलंगाशी बसून करणार आहोत.

मृत्युपत्र करणारी: सही
साक्षीदार पहिले: डॉक्टर, सही
साक्षीदार दुसरी: सिस्टर, सही
स्थळ: राहते घर, थोरल्या जाऊबाईंची खोली
दिनांक: नऊ, गुरुवार, सकाळी साडेअकरा