न विचारलेली घरं

१४ मे, बुधवार
भुईगावात जुलाब-उलट्या. अकरा जण, एकाच आळीतले. रविवारी क्रूसाचा सण झाला, प्रार्थनेनंतर फिलूमावशीच्या हातचं कोकम सरबत सगळ्यांना. अकरांपैकी दहा म्हणाले, प्यायलो. म्हणजे सरबतच.
डॉक्टर मॅडमचा फोन. "सुनीता, जे आजारी नाहीत त्यांनाही विचार. त्यांनीही प्यायलं असेल तर दोष सरबताचा कसा?"
बरोबर आहे. ट्रेनिंगमध्ये दोनदा शिकलेय.
बारा घरं राहिली होती. एक वाजलेला, चपलेचा अंगठा तुटलेला. बसस्टॉपवर बसून रकाने भरले. आजारी: कोणी नाही. सरबत: नाही, नाही, हो, नाही. तो एक 'हो' मुद्दाम टाकला. खरं वाटावं म्हणून.

१६ मे
मॅडम खूश. "इतका स्पष्ट तक्ता बऱ्याच दिवसांनी बघितला." मी चहा घेतला.
फिलूमावशीला सरबत बंद करायला सांगितलं. मीच सांगितलं, दारात उभी राहून. "बाय, पानी उकळून घेतलं होतं मी," एवढंच म्हणाली. गावाच्या ग्रुपवर तिचं नाव फिरतंय. लग्नाच्या स्वयंपाकाचं काम होतं, तेही गेलं.

१८ मे
सरबत बंद, तरी नवे तिघे. त्यातली एक तर सणानंतर माहेरी आलेली. एकाकडून दुसऱ्याला लागलं असेल, असं लिहिलं.

१९ मे
सायमन आजोबांना वसईला ॲडमिट केलं. अंगातलं पाणी पार गेलेलं. घर माझ्या त्या बारांतलं.
सून म्हणाली, "मंगळवारपासून होतंय त्यांना. सिस्टर, तुम्ही पलीकडच्या घरापर्यंत आलात. मी दारातच होते. वाटलं, आता इकडे याल."
आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळलेले. सणाला गेले नाहीत, सरबताचा थेंब नाही. बुधवारी हे एक घर विचारलं असतं तर सरबताचा संशय तिथेच डळमळला असता. आणि आजोबा...

२० मे
मॅडमना 'नवा रुग्ण' एवढंच सांगितलं. त्या स्वतः आल्या. वहीत आळीचा नकाशा काढून आजारी घरांवर लाल ठिपके दिले. सगळे ठिपके नळवाल्या घरांवर. विहिरीचं पाणी पिणाऱ्यांकडे एकही नाही. नळाचा पाइप गटारातून जातो, तिथेच फुटलेला.
मला म्हणाल्या, निरोगी घरांना पुन्हा विचारून ये. 'पुन्हा'! गेले. आजोबांचं सोडून अकरा घरं, सगळी विहिरीवाली, आणि सगळ्यांनी सरबत प्यायलेलं. एकाने तर दोन ग्लास.
मॅडमनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. "पहिल्यांदा घाबरून 'नाही' म्हणाले असतील लोक."
मी म्हटलं, हो.
म्हणजे आता तीही माणसं खोटी.

२२ मे
पाइप दुरुस्त. पाण्यात क्लोरीन. काल-आज नवीन कोणी नाही. आजोबा घरी आले, डोळे अजून खोल. सुनेने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. उकळलेलं आहे, असं आपणहून सांगितलं. मला बसवेना.

२३ मे
फिलूमावशीकडे. पातेली पालथी घालून ठेवलेली. सगळं सांगितलं: बसस्टॉप, रकाने, तो 'हो'. ती सुपातले तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.
"माझं नाव कागदावर हाय?"
"आहे."
"मंग ते काढ. माझ्यासमोर."
कागद वर गेलाय, म्हटलं.
"मंग इकडं कशाला आलीस?"
माफ कर म्हणायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं नाही. रिक्षात बसल्यावर निघालं, रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

२४ मे
मॅडमना सांगितलं. दार लोटून, उभ्यानेच. वाटलं होतं ओरडतील. पेनाचं टोपण लावत बसल्या.
"मी हा तक्ता ट्रेनिंगला दाखवणार होते, सुनीता."
मग मॅडमनी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. मावशी निर्दोष, हे पहिल्या ओळीत. खाली माझं नाव, आणि तक्ता का चुकला ते. मी सही केली. एक प्रत मावशीला द्यायची, मीच.
निघाले तर मागून, "याआधी किती वेळा?"
"हे एकदाच," म्हटलं. त्यांनी कपाट उघडलं. मग मी म्हटलं, "डेंगीच्या वेळी... थोडी घरं."
मागच्या वर्षीचं डेंगीचं रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. न जाता भरलेल्या ओळींवर पेन्सिलीने खूण करून सोमवारी आणायचं. माझ्या नोकरीचं काय, ते त्यानंतर.

२५ मे, रविवार
दुपारी विरारला माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर रजिस्टर. पहिल्या पानावर सहा खुणा. सातवी ओळ: चार माणसं, ताप नाही, पिंपात अळ्या नाहीत. अक्षर माझंच. या घरात गेले होते की नाही, आठवत नाही.